पाच व्होल्टांचा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. जळकोट ते उदगीर धावणाऱ्या एका काळीपिवळी जीपच्या पोटात माझी उमेदीची वर्षं गेली.

शिशाच्या पट्ट्यांवर आम्ल ओतलं गेलं आणि माझ्या अंगभर मंद गुणगुण सुरू झाली. आम्हा बॅटऱ्यांचा जन्म असाच होतो. आधी स्वप्न पडतं आणि मग जाग येते. माझे मालक निजामोद्दीनचाचा सकाळी किल्ली फिरवायचे. मी एक दणका दिला, की जीप खडबडून उठायची. "माझी बॅटरी म्हंजे जवान घोडी हाय," असं ते स्टँडवर सगळ्यांना सांगायचे. ते ऐकून माझं जड शिसंसुद्धा हलकं व्हायचं.

पुढे चाचांची नजर मंदावली. जीप अंगणातल्या चिंचेखाली कायमची उभी राहिली आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात आले. चाचा सवयीनं मला अधूनमधून चार्ज करून आणत, पण माझ्या ताकदीनं जीप नुसती कुरकुरायची, उठायची नाही. माझ्यावर कुणी कुंडी ठेवी, कुणी ओल्या चपला. टोकांवर निळसर-पांढरी पूड चढली. मी अर्धवट झोपेत राहू लागले. त्या झोपेत मला रस्ते दिसत. उदगीरच्या बाजाराला निघालेली माणसं, टपावरच्या पाट्यांतल्या कोंबड्या, आणि संध्याकाळी दूरवर एकेक करून लागत जाणारे दिवे.

गेल्या वर्षी परतीच्या पावसानं गावातले विजेचे खांब आडवे केले. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला. त्याआधीच सोयाबीनच्या राशींची धूळ घराघरांत शिरली होती. चाचांची नात मनतशा हिला दमा होता. ती औषधाची वाफ घ्यायची ते यंत्र तळहातावर मावेल एवढंच होतं. पण त्यातली वीज संपली होती. शेजारपाजारचे फोनही बंद पडले होते.

दुपार कलताना पोरीची छाती भात्यासारखी वाजू लागली.

चाचांनी मला ओढून पुढे घेतलं. हातात दोन वायरी होत्या.

"अब्बा, थांबा!" त्यांची सून, मनतशाची आई रईसा ओरडली. "हिच्यात बारा व्होल्ट हायत. यंत्राला पाचच लागतात. थेट जोडलं तर जळून जाईल."

"मग काय करू बेटा? पोरीचे ओठ निळे पडून राहिले!"

 रईसा पावसातच जीपकडे धावली. जीपमध्ये फोन चार्ज करायचा चार्जर पडून होता. तो माझ्या बारा व्होल्टचे पाच करायचा. तो खोचायचं सॉकेटही तिनं वायरींच्या शेपट्यांसकट उपसून आणलं. वायरींचा पुढचा भाग उंदरांनी कधीच खाल्ला होता.

तेवढ्यात शेजारच्या गुरम्माकाकू गरम पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पाण्यात त्यांनी खायचा सोडा घातला होता. "सरका जरा. ह्या पुडीतून करंट कसा जाईल?" म्हणत त्यांनी माझी टोकं धुऊन पुसून लख्ख केली.

लाल वायर अधिकला, काळी उण्याला. चार्जरवर हिरवा ठिपका उजळला.

मित्रांनो, मला भीती वाटली. आयुष्यभर सगळ्यांनी माझ्याकडे दणका मागितला होता. आज थेंब थेंब मागत होते. मधेच संपले तर? मी माझ्या सगळ्या पट्ट्यांतून उरलंसुरलं गोळा केलं आणि हलकेच सोडू लागले. यंत्र गुणगुणलं. पांढरी वाफ निघाली. ओसरीत ढग उतरावा तशी ती पोरीच्या तोंडाभोवती रेंगाळली, आत गेली, बाहेर आली.  छातीतली शिट्टी बारीक होत होत थांबली. मनतशा आईच्या मांडीवर झोपली. रईसा मात्र तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत बसली होती.

पाणी ओसरल्यावर मनतशाला उदगीरला दवाखान्यात नेलं. बरी होऊन परतली, ती थेट माझ्यापाशी येऊन बसली. माझ्या अंगाला कान लावून तिनं आजोबांना विचारलं, "दादा, ही बी दमली का?"

"हाव बेटा," चाचा म्हणाले. "लई दमली."

त्यांनी माझी बुचं उघडली. आजारी माणसाला पाजावं तसं बॅटरीचं शुद्ध पाणी सावकाश, सांडू न देता, माझ्यात ओतलं. कित्येक वर्षांनी माझी तहान भागली.

एक दिवस मी कायमची थांबेन. तेव्हा मला उकिरड्यावर टाकू नका. माझ्या पोटातलं आम्ल माती जाळतं. मला बॅटरीवाल्याच्या दुकानात द्या, म्हणजे माझं शिसं वितळून त्याची नवी बॅटरी होईल. आणि मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी कोपऱ्यात गप्प बसलेलं असेल. कुठल्या कामाचं, हे नंतर बघा. आधी त्याला तहान लागली आहे का, ते विचारा.