नीरफणसाखालचं घर

"नोकरी खुशाल कर, पण ऑफिसात त्याला काका म्हणू नकोस गं," वसुधाकाकूने स्वतःच्याच नवऱ्याबद्दल बजावलं होतं. "पुतणी झालीस की तुला नाही म्हणता येणार नाही."

गिरिजा नुसती हसली होती. अमेरिकेतल्या बॉथेल गावात ज्यांनी तिचं डोहाळजेवण केलं, बाळंतपणात पंधरा दिवस डबे पोचवले, त्या अनिलकाकांना काय मिस्टर म्हणायचं?

काकांची कंपनी फौजेसाठी बांधकामाचे आराखडे करायची. यंदाचं काम तालोआचं होतं. पॅसिफिकमधलं हे बेट अमेरिकेच्या ताब्यात, पण तिथल्या माणसांना मत नाही. आता तिथे दोन हजार सैनिकांची कायमची छावणी होणार होती. निधी तयार होता. जागा रिकामी आहे, असा इंजिनियरच्या सहीचा दाखला तेवढा शुक्रवारपर्यंत हवा होता. सही गिरिजाची.

सॅटेलाइटच्या फोटोत नुसतं हिरवं होतं. पण बेटावरच्या सर्व्हेअरने पाठवलेल्या एका फोटोत तिला मोठाली, कातरलेली पानं दिसली. देवगडच्या मुलीला नीरफणस ओळखायला कितीसा वेळ लागणार? आणि तो आपोआप उगवत नाही, कोणीतरी घराशी लावतं. तिने सर्व्हेअरला फोन केला.

"ते होय? लुसियाचं घर. ऐंशीच्या पुढची आहे, कानांनी ऐकू येत नाही, एकटीच राहते," तो म्हणाला.

गिरिजा तडक केबिनमध्ये गेली. "काका, जागा रिकामी नाहीये."

"सॅटेलाइटवर घर दिसतंय?"

"झाडाखाली आहे ते."

"म्हणजे दिसत नाही! अगं, शुक्रवार चुकला तर निधी परत जातो. बारा जण घरी बसतील. तिला काय कोणी समुद्रात टाकणार आहे? देतील दुसरं घर."

"मग तसं लिहू या ना."

"लिहिलं की चौकशी, चौकशी म्हणजे वर्ष गेलं." काकांनी आवाज उतरवला. "इलाचं ऑपरेशन एकवीस तारखेला ना? सौमित्रला अजून जॉब नाही. इन्शुरन्स इथलाच आहे, बाळा."

गिरिजा आणि तिचा नवरा सौमित्र यांची इला अकरा महिन्यांची होती. तिच्या हृदयाला भोक होतं. काका ओरडले असते तर गिरिजा भांडली असती, पण त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तिने सही केली.

ऑपरेशन नीट झालं. कामावर परतली तेव्हा तालोआच्या फाइली तिला उघडेनात. सर्व्हेअरचा नंबर बंद. काकांना विचारलं, तर "झालं गं ते सगळं," म्हणून त्यांनी इलाच्या टाक्यांची चौकशी केली. गेल्या महिन्यात गिरिजाने इंटरनेटवर बेटाचा ताजा फोटो शोधला. हिरव्याच्या जागी लाल मातीचा चौकोन होता.

इलाच्या ऑपरेशनमध्ये रजा संपल्याने तिला तिकडे जाता येत नाही, नोकरीच्या करारामुळे ऑफिसबाहेर तोंड उघडता येत नाही. म्हणून तिच्या वतीने मीच तुम्हाला विनवते आहे: कामासाठी, फिरायला, कशालाही तालोआला जाणार असाल तर लुसियाला बघून या. हाका मारू नका, तिला ऐकू येत नाही. समोर जाऊन उभे राहा. आणि ती तिथे नसेल, तर तिला कुठे नेलं ते विचारल्याशिवाय परत येऊ नका.