बीजी आत्या होतात

बारशाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत अविनाशला दिल्लीहून बहिणीचा, उल्काचा, फोन आला. पंजाब बंदमुळे गाड्या पुढे सोडत नव्हते; ती काही पोचणार नव्हती. आता बाळाची आत्याच नाही, तर कानात नाव सांगायचं कुणी?

"खालच्या बीजींना बोलवा की," तो घरी आल्यावर त्याची बायको शैलजा म्हणाली.

अविनाशला खाली जाणंच अवघड वाटत होतं. सेक्टर बावीसमधलं ते घर बीजींचं. हे दोघे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. तीन आठवड्यांपूर्वी बीजींच्या धाकट्याला, लखबीरला, पोलीस चौकशीला घेऊन गेले. ठाण्यावर विचारलं तर म्हणे, असा कोणी मुलगा इथे आणलेलाच नाही. बीजींना फाटकातूनच परतवून लावत. त्या अविनाशला म्हणाल्या होत्या, "पुत्तर, एक बार मेरे साथ चल. तू सरकारी आदमी है, अंग्रेजी बोलता है. तुझे अंदर आने देंगे."

"देखते हैं, बीजी," एवढंच तो बोलला. नोकरी अजून कायम व्हायची होती. ठाण्यात नाव नोंदलं गेलं आणि ते ऑफिसपर्यंत पोचलं, तर? तेव्हापासून सकाळी तो स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेई आणि मगच सुरू करी. बीजींनीही जिना चढणं सोडलं होतं.

"आणि नाव प्रशांतच," शैलजा म्हणाली. "सध्याच्या दिवसांत दुसरं काही सुचतच नाही."

"महासागराचं नाव?" अविनाशला बोलायला विषय मिळाला. "अगं, त्या दर्यावर्द्याला आत शिरताना पाणी संथ लागलं, म्हणून त्यानं पॅसिफिक म्हटलं. एका बाजूनं पाहून निष्कर्ष! जगातली भयंकर वादळं तिथेच होतात."

"तुमच्या आईंनी अविनाश ठेवलं, ते काय तपासून?"

तो खाली गेला.

बीजी आधी नाहीच म्हणाल्या. आपल्या घरावर सध्या साडेसाती, शुभकार्यात आपण कशाला? मग हळूच त्यांनी विचारलं, "नाम का मतलब क्या है?"

"समुंदर का नाम है, बीजी. पॅसिफिक. मतलब शांत."

"और है शांत?"

खोटं सांगणं त्याला जमत नसे. "नहीं जी."

"फिर ऐसा नाम क्यों रखा?"

"जिसने रखा, वो बड़े तूफानों से निकलकर वहाँ पहुँचा था."

"तो ठीक रखा," त्या म्हणाल्या. "आऊँगी."

अविनाशने त्यांना सगळा विधी नीट क्रमवार समजावला. पाळण्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, आधी कानात कुर्रर्र करायचं, मग नाव. एक गोष्ट मात्र राहिली. बारसं बायकांचं, तो नेहमी बाहेरच्या खोलीत पेढे खात बसलेला. त्यामुळे ती त्याच्या क्रमात आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको निशिगंधा आणि आणखी दोघी-तिघी जमल्या. बीजी धुतलेला पांढरा दुपट्टा घेऊन आल्या. पाळण्यावर वाकून त्यांनी सांगितलं, "कुर्रर्र... परशांत!" आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी हसत हसत नव्या आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या.

बीजींनी दोन्ही हात पसरून पाळणाच झाकला. "मुंडे नूं ना मारो!" त्या ओरडल्या. "मैनूं मारो, मुंडे नूं ना मारो!"

हसणं जागच्या जागी थांबलं. पोराला मारू नका, असं त्या म्हणत होत्या, आणि पाळण्यातल्या पोराला तर कुणी बोटही लावलं नव्हतं. दारात उभ्या अविनाशला ते कळलं, शैलजालाही कळलं.

निशिगंधाने बीजींच्या खांद्यावर हात ठेवला. "बीजी, ये तो हमारा लाड है. बुआ को मारते हैं, बच्चे को नहीं."

बीजी सावकाश सरळ झाल्या. चेहरा दुपट्ट्याने पुसला. "बुआ को? तुम लोग भी अजीब हो," म्हणाल्या आणि कसंनुसं हसल्या. कुणीच हलेना, तेव्हा त्यांनीच पाठ पुढे केली. "मारो जी. रस्म अधूरी नहीं छोड़ते. बच्चे के लिए ठीक नहीं."

कुणाची मूठ वळेना. अखेर शैलजा उठली आणि तिने उघड्या तळव्याने त्यांच्या पाठीवर थोपटलं. मग एकेक करून सगळ्यांनी.

पाहुण्या गेल्यावर बीजी जिन्याकडे निघाल्या. अविनाश दोन पायऱ्या मागोमाग उतरला.

"बीजी, कल सुबह चलते हैं. थाने."

त्या वळल्या. "तेरी नौकरी?"

"वो मैं देखूँगा."

"पक्का?"

"पक्का."

बीजींनी आशीर्वाद दिला नाही की डोळे पुसले नाहीत. त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "तो दफ्तर का फोटो वाला कार्ड साथ रखना, पुत्तर. फाटक पर पहले वही माँगेंगे. और नाम पूरा बोलना, लखबीर सिंग. सिर्फ लक्खी बोलेंगे तो कहेंगे, ऐसा कोई नहीं."

"लखबीर सिंग," अविनाश म्हणाला.

"पिता का नाम भी पूछेंगे," बीजी म्हणाल्या आणि ते सांगायला पायरीवरच बसल्या.