बिनगळाची माशी

"मासा ओढेल तेव्हा तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. हात बांधल्यासारखं उभं राहायचं. ओढणं हे त्याचं काम."

मासे धरायला शिकवणाऱ्या ओपलचं हे सांगणं हेल्मीने तीन हिवाळे जपून ठेवलं होतं, पण ते पाळायची वेळ एकदाही आली नव्हती. मांडीभर पाण्यात पाय रोवून तिने लांब काठी दोन्ही हातांनी फिरवली आणि आमिष म्हणून पिसांची बनवलेली जांभळी माशी पलीकडच्या काठाजवळ टाकली. मधल्या वेगवान पाण्याने दोर पुढे खेचायला सुरुवात केली, तसा तिने तो अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवला. माशी मंदावली. झोका घेत धावत्या पाण्यातून संथ पाण्यात आली आणि काठापाशी थांबली. काही नाही. हेल्मी दोन पावलं खाली सरकली.

"हेल्मीबाई!" वरच्या बाजूने ओपलचा नवरा व्हर्लिन ओरडला. "नेम चाललाय ना नीट? किती मासे वाचवलेत आजवर?"

"तुझ्या गळाला तरी काय लागलंय या हिवाळ्यात? एक फांदी!"

"फांदी चांगली होती गं. ओली, जाडजूड."

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर बुधवारी चर्चमध्ये सूपचं जेवण असे; त्यातल्या पहिल्याच बुधवारी ही थट्टा सुरू झाली होती. ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस कोण काय सोडणार, हे जो तो सांगत होता. कुणी साखर, कुणी चॉकलेट. हेल्मी उभी राहून हळूच म्हणाली, "मी गळ सोडते. नदीवर जाईन, पण गळ नाही." जिला आजवर एकही स्टीलहेड मासा लागला नाही तिने गळ सोडणं म्हणजे टकल्याने कंगवा सोडणं, असं व्हर्लिन म्हणाला आणि सूप पिणाऱ्या चौघांना ठसका लागला. हेल्मीसुद्धा हसली. पण घरी जाऊन तिने डबीतल्या नऊच्या नऊ माश्यांचे गळ पकडीने कापले. रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर ती तेच शब्द पुन्हा एकदा म्हणत असे.

आता माशी मोठ्या दगडापाशी आली आणि दोर जड झाला.

हेल्मीने काही केलं नाही. रीळ किंचाळलं, काठी वाकली, आणि दगडापलीकडे मासा अख्खा हवेत आला. समुद्रातून नुकताच नदीत चढून आलेला, घासूनपुसून ठेवलेल्या चांदीच्या ताटासारखा. मग त्याने तोंड उघडलं असावं. दोर सैल पडला.

व्हर्लिन काठाकाठाने धापा टाकत आला.

"सुटला?"

"धरलाच कुठे होता?"

त्याने टोपीत खोचलेली माशी काढून तिच्यापुढे धरली. गळासकट. "घे, बांध. गेला नाहीये तो, दगडामागेच आहे. त्याला टोचलंय काय? पुन्हा येईल."

"नको."

"तीन हिवाळे, हेल्मी!"

"मोजलेत मी."

"बरं, मी पाठ फिरवतो. मी काही बघितलं नाही." आणि तो खरोखरच झाडांकडे तोंड करून उभा राहिला.

हेल्मीने माशी तळहातावर घेतली. गळाच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"तुझं ठीक आहे रे," ती म्हणाली, "पण ज्याला शब्द दिलाय त्याला पाठच नाही." तिने माशी व्हर्लिनच्या टोपीत परत खोचून दिली.

मग तिने आपली जांभळी माशी पुन्हा तेवढ्याच अंतरावर टाकली. वेगवान पाणी, संथ पाणी, दगड. मासा आला आणि दोन हिसके देऊन सोडून गेला. हेल्मी एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला.

"पुन्हा आला! व्हर्लिन, पुन्हा माझ्याकडेच आला!"

"आणि आता?"

"आता कांदे. आज बुधवार, चर्चचं सूप माझ्याकडे आहे." ती दोर गुंडाळत काठावर आली. दोन पावलं जाऊन थांबली. "एक मागू? आज त्या दगडापाशी टाकू नकोस. दोनदा फसलाय बिचारा. उद्यापासून तुझा."

"बरं बाई, दिला शब्द. मीठ चाखून घाल तेवढं."

तिच्या गाडीचा आवाज पुलापलीकडे विरला. व्हर्लिन ओंडक्यावर बसून थर्मासमधली कॉफी प्यायला. तेवढ्यात दगडामागे पाणी फुगलं आणि रुंद, चंदेरी पाठ निवांतपणे वर येऊन खाली गेली.

बरोबर एका फेकीवर.

तो उठला. काठी उचलली. रस्त्याकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग नकळत वर आभाळाकडे पाहिलं आणि स्वतःवरच चिडून मान खाली घातली. सगळा हिवाळा, आणि एक फांदी.

दगड सोडून खालच्या वळणावर जायचं, तर पाण्यातून गेल्यावर मासा बुजला असता. दुसरी वाट काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीतून होती. व्हर्लिनने शेवटच्या वेढ्यापर्यंत दोर गुंडाळला, गळ काठीच्या कडीत अडकवला, टोपी कानांपर्यंत ओढली आणि वाकून जाळीत शिरला.