शेंदराखालच्या सात ओळी

मी एक जुना शिलालेख आहे, मित्रांनो. नुसता दगड म्हणू नका हं, मला राग येतो! बोळिंजच्या तळ्याकाठी मी उभा आहे. एका पाथरवटाने माझ्या छातीवर सूर्य-चंद्र आणि खाली सात ओळी कोरल्या. पुढे गावाने मला देव मानलं. दर अमावस्येला तेल-शेंदूर! थरावर थर चढले आणि अक्षरं पार बुजली. नारळ पुष्कळ मिळाले, पण वाचलं कुणीच नाही. याला मान म्हणायचा की दुर्लक्ष, तुम्हीच सांगा.

१९९४ साली सुधाकरराव इनामदार माझ्यापाशी आले. जुन्या घराण्यातला माणूस, तळ्यासकट भोवतीची जमीन त्यांच्याच नावावर. पण पायात साधी चप्पल आणि खांद्याला झोळी. झोळीत गंजलेले अडकित्ते नाहीतर चेपलेल्या समया. "सरकारांना भंगाराचा नाद लागलाय," असं म्हणून लोक हसायचे. सुधाकररावही हसायचे आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायचे. त्यांना संग्रहालय उभारायचं होतं ना!

माझा शेंदूर एका कोपऱ्यात टवका उडून निघाला होता. तिथे त्यांना एका अक्षराचं टोक दिसलं. माझी पूजा करणाऱ्या जिजाकाकूंना त्यांनी विचारलं, "काकू, शेंदूर काढू का?"

"देवाला खरडाचा नाय, सरकार. तो आपनहून कवच टाकील, तवा वाचा."

थर फार जड झाला की आपोआप गळतो, त्याला कवच टाकणं म्हणतात. दुसऱ्या कुणी काकूंची पाठ वळताच चाकू लावला असता. सुधाकरराव थांबले. चांगली चार वर्षं! दर रविवारी यायचे, बघायचे, जायचे. माझा तर जीवच जडला त्यांच्यावर.

इकडे त्यांचा मुलगा विघ्नेश घाईला आला होता. चहूकडे इमारती उठत होत्या. त्याला तळं बुजवून इमारत बांधायची होती. मग गावाचं पाणी जाणार आणि मीही भरावाखाली जाणार. "जमीन आपली, मग अडवतंय कोण?" तो विचारायचा. सुधाकररावांनी कागदांवरच्या सहीसाठी दिवाळीपर्यंत मुदत मागितली.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी माझं कवच सुटलं. जिजाकाकूंनी हाका मारून गाव गोळा केला. सुधाकरराव धापा टाकत आले, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि वाचू लागले. "हे तळे गावास दिले. सूर्यचंद्र असेतो आमच्या वंशातील कोणी हक्क सांगू नये." खाली त्यांच्याच पूर्वजाचं नाव होतं.

"बाबा, गप्प बसा," विघ्नेश कुजबुजला. "यांना कुठे ही जुनी अक्षरं वाचता येतात?"

पण सुधाकररावांनी सातही ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या, मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू जातील अशा. मग म्हणाले, "तळं तुमचं आहे. आम्हीच विसरलो होतो." काय माणूस हो! विघ्नेश दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

देवाला हलवायचं नाही, म्हणून संग्रहालयच माझ्याशेजारी उभं राहिलं, २००१ साली. काकू आता शेंदूर फक्त माझ्या माथ्यावर लावतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांना हात लावण्याआधी त्यांच्या माणसांना विचारा. आणि त्यांच्यावर तुमच्याच विरुद्ध काही लिहिलेलं निघालं, तर ते जरा जास्तच मोठ्याने वाचा.