वॉज पुढे, आय मागे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. जुनी असले तरी मोडीत काढण्याजोगी नाही, आणि माझ्या अंगात थोडा ताठा आहे हेही आधीच सांगून टाकते. माझी गोष्ट ऐकलीत की तो तुम्हीही चालवून घ्याल.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरातला. चादरींच्या घड्या घालायच्या खोलीत सुतारदादा मांडणी ठोकत होते. फळीचा एक लांब तुकडा उरला, तो बाईंनी मागून घेतला. या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. दिवसाचं काम संपल्यावर धुलाईघरातल्या बायकांना त्या इंग्रजी शिकवत. सुतारदादांनी मला रंधा मारला, तेव्हा जीव नकोसा झाला होता. मग माझ्या अंगात एक लांबच लांब खाच पाडून त्यांनी मला भिंतीवर बसवलं. खाचेत सरकवायला लाकडी ठोकळे केले. एकेका ठोकळ्यावर एकेक इंग्रजी शब्द होता.

धुलाईघरात इंग्रजी कशाला, असं तुम्ही विचाराल. तिथले मोठे साहेब परमुलखातले होते आणि त्यांना इंग्रजीखेरीज काही कळत नसे. मधे होता मुकादम. साहेबांचं बायकांना आणि बायकांचं साहेबांना तोच सांगे, आणि सांगताना पदरचं तिखटमीठ लावी.

माझ्या ठोकळ्यांत 'आय', म्हणजे मी, हा सगळ्यात मानी. त्याला पहिली जागा लागे. 'आय वॉज आस्क्ड', म्हणजे मला विचारलं गेलं. इथवर सगळ्यांना जमलं. घोडं अडलं ते प्रश्नापाशी. आपल्या भाषेत शेवटी 'का' चिकटवला की झाला प्रश्न, कुणाला जागेवरून उठावं लागत नाही. त्यामुळे सगळ्याजणी ठणकावून म्हणत, "आय वॉज आस्क्ड का?" आणि बाई हसता हसता डोळे पुसत.

"'का' राहू दे बाजूला," बाई म्हणाल्या. "'वॉज'ला उचला आणि 'आय'च्या पुढे बसवा. वॉज आय आस्क्ड? मला विचारलं होतं का?"

"म्हणजे मी मागं?" इस्त्रीच्या टेबलावर काम करणाऱ्या काकूंनी विचारलं. "बाई, घरात मी मागं, पगाराच्या रांगेत मी मागं. आता इंग्रजीतही मागंच?"

"मागे नाही हो, काकू. 'वॉज'ला नुसतं दार वाजवायला पुढे पाठवायचं. दार उघडलं की आत जायचं ते तुम्हीच."

काकूंना हे फार आवडलं. त्या दिवसापासून इस्त्री फिरवतानाही त्यांचे ओठ हलत असायचे.

मुकादमाला मात्र वर्ग खुपू लागला. बायका स्वतःच बोलू लागल्या तर त्याला कोण विचारणार? दिवे उगाच जळतात अशी सबब सांगून त्यानं वर्ग बंद पाडला. शेवटच्या धड्याचे ठोकळे माझ्या खाचेत तसेच राहिले. माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडू लागले. ज्या पट्टीसमोर डझनभर बायका माना वर करून बसायच्या, तिची कपडे वाळत घालायची दोरी झाली होती. मला फार वाईट वाटे, पण सांगते कुणाला?

एका सकाळी साहेब खोलीत आले. मागे मुकादम, त्याच्या हातात करपलेल्या चादरींचा गठ्ठा.

"काकू, या तुम्ही जाळल्या," मुकादम म्हणाला. "साहेबांनी ठरवलंय, उद्यापासून यायचं नाही."

खरं काय ते सगळ्या खोलीला ठाऊक होतं. चादरी करपल्या त्या दिवशी काकू लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. इस्त्री होती मुकादमाच्या मेहुण्याच्या हातात, आणि मेहुणा फोनवर गप्पा झोडत बसला होता. काकूंच्या घरात मिळवतं माणूस दुसरं नव्हतं. बाळंतीण लेक आणि तान्हं मूलही आता त्यांच्याच घरी होतं.

"अहो, त्या दिवशी मी नव्हतेच की इथं."

"सांगतो मी साहेबांना," मुकादम म्हणाला, आणि इंग्रजीत भलतंच काही सांगून मोकळा झाला. साहेबांनी मान हलवली आणि ते दाराकडे निघाले.

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली. मग त्या तडक माझ्याकडे आल्या. टॉवेल ओढून खाली टाकले. खाचेत वाक्य उभं होतं, 'आय वॉज आस्क्ड'. मला विचारलं गेलं, म्हणे. असलं धडधडीत खोटं मी अंगावर वागवत होते. काकूंनी 'वॉज' ओढला. ओलीनं तो घट्ट बसला होता. मी जमेल तेवढं अंग सैल सोडलं. तो निघाला, 'आय' मागे सरकला, आणि 'वॉज' पुढे जाऊन बसला. ठोकळ्यांचा आवाज ऐकून साहेब वळले.

"वॉज आय आस्क्ड?" काकूंनी वाचलं. शब्द एकही चुकला नाही.

मुकादम अर्थ सांगायला पुढे झाला. सांगायला काही उरलंच नव्हतं. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि काकूंना विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, की चादरी जळल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात.

"नॉट हियर," काकू म्हणाल्या. "डॉटर. बेबी."

आणि मग सगळ्या खोलीला वाचा फुटली. येस, बेबी, बेबी, असा एकच गलका झाला आणि सगळ्यांची बोटं मेहुण्याकडे वळली. तो चादरींच्या ढिगामागे अंग चोरून उभा होता.

काकूंची नोकरी राहिली. मेहुण्याची रवानगी चादरी भिजवायच्या टाक्यांवर झाली. साहेबांनी वर्ग पुन्हा सुरू करवला, बाई परत आल्या, आणि माझी खाच पुसून कोरडी झाली. पुढच्याच आठवड्यात टाकीवरच्या ताईनं साहेबांना गाठून विचारलं, "व्हाय अ‍ॅम आय नॉट गिव्हन ग्लव्ह्ज?" म्हणजे मला हातमोजे का दिले जात नाहीत? सोड्याच्या पाण्यानं तिच्या हातांची सालपटं निघत होती. हातमोजे आले. मित्रांनो, तेव्हा मला झालेला आनंद कुठल्याही ठोकळ्यावर मावणार नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी पट्टी असेल तर तिच्यावर ओलं काही टाकू नका, अधूनमधून कोरडं फडकं फिरवा. आणि तुमच्याविषयी कुणी परस्पर ठरवत असेल, तर ज्या भाषेत जमेल त्या भाषेत विचारा. मोडकंतोडकं चालेल, मनातल्या मनात नको.

परवा धुलाईघरात एक नवी बाई कामाला आली. मुकादम नेहमीच्या तोऱ्यात तिच्यासमोर उभा राहिला. "हे बघ, तुला मी टाकीवर..." एवढं बोलून तो थांबला. शेजारी काकू इस्त्री फिरवत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. मुकादमानं घसा खाकरला आणि म्हणाला, "तुम्हाला कुठलं काम जमेल, ताई?"