झोपलेल्या लेकराखाली

बाजारात बसणाऱ्या बाईला तराजू नीट धरता आला नाही तरी एक वेळ चालतं, पैसा मात्र लपवता आला पाहिजे. रुपयावर बादशहाचं मुंडकं असायचं त्या काळी म्हसावदच्या आठवडे बाजारात खिसेकापूंचा सुळसुळाट होता, आणि बायकांना तर खिसेच नव्हते. मग कुणी पदराच्या गाठीत बांधायची, कुणी चोळीत खोचायची. लसूणवाली तापीबाई तर पैशांवरच फतकल मारून बसायची आणि दिवसभर उठायची नाही. चोरांना या सगळ्या जागा पाठ होत्या. आमच्या गजराबाईची जागा तेवढी त्यांना कधी सापडली नाही.

गजराबाई थैली ठेवायची झोपलेल्या लेकराखाली. तिचं म्हणणं साधं होतं. चोर कितीही धीट असला तरी निजलेल्या मुलाला हात लावत नाही, कारण मूल जागं झालं की अख्खा बाजार मान वळवून बघतो. तिची तिन्ही पोरं अशीच मिरच्यांच्या ढिगाशेजारी, गोधडीवर, पैशांच्या उशीवर निजून मोठी झाली. धाकटा भिला ढोरांमागे रानात जाऊ लागला तशी तिने थैली कमरेला आणली. पण हाताची खोड अशी एका दिवसात जात नाही.

तिच्या बाजूला दिवलीबाई बसायची. डोंगरावरची, सातपुड्यातल्या कुठल्या तरी पाड्यावरची. पहाटे अंधारात निघून डिंक आणि चारोळी घेऊन खाली यायची, आणि दिवस कलायच्या आत परत चढायला लागायची. तिच्याकडे सावली नव्हती. गजराबाईने चार काठ्यांवर गोणपाट ताणलेलं असे, त्याखाली तिने आपण होऊन गोधडी पसरून दिली होती, आणि दिवलीचं तान्हं तिथे निजायचं. जाताना दिवली मूठभर चारोळी मिरच्यांवर ठेवून जायची. दोघींचं बोलणं फारसं व्हायचं नाही. एकीला दुसरीची भाषा जेमतेम कळायची, आणि तेवढ्यावर त्यांचं चांगलं चाललं होतं.

गजराबाईचं दुखणं वेगळंच होतं. तिला बाजार आवडायचा. घरात ती कुणाची सून, कुणाची जाऊ, कुणाची आई. इथे मिरच्यांच्या ढिगामागे बसली की ती गजराबाई असायची. गिऱ्हाइकाशी भांडायची, हसायची, भाव तिच्या तोंडून सुटायचा. आणि ही जागा आता जायच्या बेताला आली होती. मागच्या बाजारी कुणीतरी तिच्या गळ्यात एक खोटा रुपया मारला. तो नवऱ्याने, पितांबरने, दगडावर वाजवून पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. आज सकाळी गाडीतून मिरच्यांची पोती उतरवताना त्याने पुन्हा तेच काढलं.

"बाईमानूसना हातमा पैसा टिकस का? आज एक पैसा जरी कमी उना ना, ते पुढला बजारथून भटू बठी आठे. तू घरमा भाकरी थाप."

भटू म्हणजे तिचा दीर. मिरची उन्हात किती दिवस घालायची हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं, पण पुरुष होता, तेवढं पुरे झालं. सकाळपासून गजराबाईचा हात घडोघडी कमरेला जात होता.

दुपारी केळीच्या गाडीचा एक बैल दावं तोडून बाजारात घुसला. टोपल्या उलथल्या, बायका किंचाळल्या, माणसं ढिगांवरून उड्या टाकत पळाली. अशाच गोंधळात खिसेकापूंचं पीक येतं, हे गजराबाईला पक्कं ठाऊक होतं. तिने थैली सोडली, बाजूच्या लेकराच्या फडक्याखाली सारली आणि दोन्ही हात पसरून मिरच्यांच्या ढिगापुढे उभी राहिली. बैल आला तसा गेला. दिवलीबाई डिंकाची टोपली उराशी धरून बैल गेला त्या दिशेलाच बघत होती. मूल झोपूनच होतं.

पुढे गिऱ्हाइकं दाटली, आलेले पैसे गजराबाई घाईत मिरच्यांच्या पोत्याखाली सारत गेली. बैलाच्या गप्पा रंगल्या. उन्हं उतरायच्या आधी दिवलीने फडक्यासकट मूल उचललं, पाठीशी घट्ट बांधलं, चारोळी ठेवली आणि वाटेला लागली. गजराबाईने तिला हात हलवून निरोपही दिला.

थोड्या वेळाने मोड द्यायला तिने कमरेत हात घातला. कमर रिकामी.

"मन्ही थैली! वं माय, कोन लई गयं वं मन्ही थैली?"

बाजार गोळा व्हायला वेळ लागत नाही. पितांबर गाडीजवळून धावत आला. बाजारपट्टी वसूल करणारा लोटन काठी आपटत आला. तापीबाई बसल्या जागेवरून, पैसे अंगाखाली दाबून ठेवूनच म्हणाली, "ती डोंगरवाली कशी घाईमा उठनी, देखं नही का? तिन्हंच काम शे!"

पितांबर आणि लोटन डोंगराच्या वाटेने धावत सुटले.

ते वळणाआड गेले आणि गजराबाईची नजर गोधडीवर पडली. मधोमध मूल निजायचं तिथे खळगा पडला होता. तिने तो पाहिला, आणि तिच्या उजव्या हाताला सगळं आठवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा दुसरीच्या पाठीला बांधून ती गावभर बोंबलली होती.

तेव्हाच हाक मारायची. चार पावलं धावायचं. पण तिने स्वतःला समजावलं की येऊ दे त्यांना, आले की सांगू. खरं म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे भटू तिच्या जागेवर बसून तिच्याच तराजूने मिरची तोलत होता. खोट्या रुपयानंतर आता ही थैली! आपण होऊन परक्या बाईच्या लेकराखाली ठेवली म्हणून सांगितलं, तर पितांबर तिला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देणार नव्हता.

ते लवकर परतले. पितांबरच्या हातात थैली होती आणि लोटनने दिवलीबाईचा दंड धरला होता. मूल पाठीवर रडत होतं.

"नालाजवळ सापडनी," लोटन ओरडून सगळ्यांना सांगत होता. "आम्हलेच सामने उनी, थैली हातमा धरीसन! केवढी हिंमत देखा!"

लोक हसले. गजराबाई हसली नाही. नाल्याजवळ समोर आली म्हणजे बाजाराकडे तोंड करून येत होती. डोंगराकडे नव्हे. थोडी वाट चालून गेल्यावर तिला पाठीत काही टोचलं असेल, तिने मूल पाठीवरून सोडलं असेल, थैली पाहिली असेल, आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं सोडून ती माघारी फिरली होती. एवढं त्या गर्दीत एकट्या गजराबाईला कळत होतं.

"मी चोरी नही करी," दिवलीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पोऱ्याना फडकामा निंघनी. बाईले परत देवाले ई ऱ्हायनी व्हती. बाईले इचारा. बाई सांगी."

सगळ्यांचे डोळे गजराबाईकडे वळले. दिवलीबाई तर अगदी निश्चिंतपणे तिच्याकडे बघत होती, जसं काही आता सगळं मिटलंच.

गजराबाईने तोंड उघडलं. "पैसा मियना ना? मंग जाऊ द्या तिले," ती म्हणाली.

एवढंच. यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि याहून मोठं खोटं ती जन्मात बोलली नव्हती. दिवलीबाईचा चेहरा आधी न समजल्यासारखा झाला, मग तिला समजलं. लोटनने तिची डिंकाची टोपली ठेवून घेतली आणि या ओळीत पुन्हा बसायचं नाही म्हणून बजावलं. ती गेली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही. मुलाचं रडणं मात्र बराच वेळ ऐकू येत होतं.

"शाबास!" पितांबर म्हणाला. चारचौघांत त्याने बायकोचं कौतुक केलं ते हे पहिलंच. "लगेच वरडनी म्हनीसन पैसा मियना, नजर तेज शे तुन्ही. आते भटूनं काय काम? तूच बठ."

जागा राहिली. आणि त्या जागेवर बसणं म्हणजे निखाऱ्यावर बसणं झालं. पुढच्या बाजारी तापीबाई आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पैशांवरून उठली आणि ते फडक्यात बांधून गजराबाईकडे घेऊन आली. "गजरा, मन्हीबी ठेव वं तुन्हाजवळ. तुन्हा हातथून कोन काय चोरी?" तिचं बघून कांदेवाली आली, बांगडीवाली आली. चोर पकडणारी बाई म्हणून ओळीतल्या साऱ्या थैल्या तिच्या मांडीवर येऊन पडू लागल्या. लोक विश्वास टाकत होते आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. भाकरी तोंडात फिरायची. घरी कुणी नुसतं "गजरा" म्हटलं तरी ती दचकायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

दोन-तीन बाजार असेच गेले. मग एके दिवशी दिवलीबाई आली. ओळ संपते तिथे, बाभळीपलीकडे, जिथे ढोरं बांधतात तिथे ती थोडी चारोळी घेऊन बसली. चैत्राचं ऊन. मूल तिने जमिनीवर ठेवलंच नाही. पाठीशी बांधूनच ती बसली होती, गिऱ्हाइकाला चारोळी मोजून देतानासुद्धा. मुलाची मान एका बाजूला कलली होती आणि टाळू उन्हात होती.

गजराबाईने ते पाहिलं, आणि मिठाची जी गुळणी धरून ती इतके दिवस बसली होती ती तिला पुढे धरवेना. ती उभी राहिली. मांडीवरच्या थैल्या घरंगळल्या.

"आयका सम्दा!" तिचा आवाज फाटला. "ती थैली तिनी चोरी नव्हती. मीच ठेयेल व्हती तिन्हा पोऱ्याना खाले, मन्हा हातथून! माले तवयच याद उनं व्हतं, तरीबी मी बोलनू नही."

पितांबर गाडीजवळून बघत होता. गजराबाईने डोळे मिटले. आता शिव्या येतील, आता थुंकतील, येऊ देत.

"देवमानूस शे वं बाई!" तापीबाई म्हणाली आणि तिने चक्क डोळ्यांना पदर लावला. "डोंगरवालीनी इज्जत राखाले सोतावर आळ लई ऱ्हायनी!"

"मन मोठं शे तिन्हं," पितांबर हसून म्हणाला. "पहिलेथून तशीच शे."

"मोठं नही शे! खोटं शे मन्हं मन!" गजराबाई ओरडली. लोकांना ते जास्तच आवडलं. लोटनने तर मान डोलावली. तिने एकेक थैली उचलून जिची तिच्या अंगावर फेकली, तर त्या म्हणाल्या की बाईला आज भरून आलंय, उन्हाचं होतं असं.

तिने गोधडी उचलली, गोणपाट काठ्यांवरून ओढून काखेत मारलं आणि ओळीच्या टोकाला गेली.

"दिवली," ती म्हणाली, "पोऱ्याले आठे निजाड. मी सावली करस."

दिवलीबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. परक्या माणसाकडे बघावं तसं.

"नको बाई. पाठवरच बरा शे. खाले ठेवा, ते त्याना खाले काय निंघी, मी काय सांगू?"

गोधडी हातातच राहिली. मग गजराबाई नुसती सरकून अशी उभी राहिली की तिची सावली मुलाच्या डोक्यावर पडावी. मागे तिच्या मिरच्यांजवळ कुणीतरी भाव विचारत होतं. दिवलीबाईने एकदा त्या सावलीकडे पाहिलं, टोपली उचलली आणि दोन हात पलीकडे, उन्हात जाऊन बसली.