आकिबची जुनी ट्यूब

नूर महंमद सकाळपासून जुन्या कॉम्प्युटरच्या एका फ्लॉपी ड्राइव्हच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. नशिराबादच्या कुणा हौशी माणसाने ते धूड त्याच्या जळगावच्या रिपेरिंगच्या दुकानात आणून आदळलं होतं.

ड्राइव्हमधलं सर्किट मोटरवर खाष्ट सासूसारखी नजर ठेवतं. मोटर रेंगाळली की करंट वाढवतं, उधळली की तोडतं. वेग किती हवा, ते एका बारीक स्क्रूवर ठरतं. तो नेमका जमला की मोटरच्या चाकावरचे काळे-पांढरे पट्टे, चाक गरगरत असूनही, ट्यूबच्या उजेडात जागच्या जागी उभे दिसतात. नूर महंमद स्क्रू पिळून थकला, पण पट्टे थांबायचं नाव घेईनात.

मग त्याने वर पाहिलं. ईदच्या आधी त्यानेच मोठ्या तोऱ्यात दुकानभर एलईडी लावले होते. ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, म्हणून पट्टे थांबलेले दिसतात. हे नवे दिवटे पापणीही लववत नव्हते.

"माझीच अक्कल शेण खायला गेली होती!" म्हणत तो ड्राइव्ह सगळ्या वायरींसकट उचलून शेजारच्या आकिबच्या सलूनमध्ये घुसला. तिथली थरथरणारी ट्यूब बदल म्हणून त्याने वर्षभर आकिबचं डोकं खाल्लं होतं. गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बघत राहिलं. बाहेरचा उजेड नको म्हणून नूर महंमदने दाराचा पडदा ओढला, ड्राइव्ह चालू केला, स्क्रू किंचित फिरवला. पट्टे मुकाट उभे राहिले.

आकिबने खणातून नवाकोरा एलईडी काढला. "चाचा, ऐकलं बरं का तुमचं. आजच आणला. लावू?"

"हात तर लाव," नूर महंमद ट्यूबखाली वाट अडवून उभा राहत म्हणाला, "तुझ्याच वस्तऱ्याने तुझी मिशी उडवतो."